बायजाची घोंगडी

सारसोळे,
ता. २२ ऑक्टोबर १९६१

चि. जयदेव यास आशीर्वाद.

तुला पत्र लिहायला बसलो की तुझी बहीण माझ्या पाठीशी उभी राहते आणि "काय लिवलंय ते वाच" म्हणते. आज ती उभी नाही. चुलीला पाठ लावून, माझी घोंगडी पांघरून बसली आहे. दसरा उलटला, होडीच्या फळीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही असं ऊन आहे, आणि हिला हिव भरतं. दोन महिने झाले, "मना हिव लागतंय" एवढंच ऐकतो आहे. ताप नाही. हात धरून पाहिला तर गार.

तू परळच्या दवाखान्यात कंपाउंडर. गावात तुला अर्धा डॉक्टर म्हणतात, मी नातं लक्षात घेऊन पाऊण म्हणतो. तेव्हा नीट विचार करून औषध धाड.

दुसरी गोष्ट तुझ्या कामाची. तळवलीच्या गोटीरामने त्याची सगुणा तुला द्यायचं कबूल केलं. लग्न वैशाखात. मुलगी चौथी पास आहे, तेव्हा पुढे सांभाळून वाग. तुझे आईबाप नाहीत, म्हणून मांडव आमच्या दारात पडेल. साऱ्या खाडीकाठची लग्नं जिच्या गाण्याने लागतात ती धवलारीण आपल्याच घरात आहे, तेव्हा धवले बायजाच गाईल. तुझ्या आईने जाताना तिच्याकडून तेवढं एकच मागून घेतलं होतं, हे तुला ठाऊक आहे.

तुझा,
चांगदेव

ता. क. एक आनंदाची बातमी राहिली. बायजा हल्ली भांडत नाही. गणपतीपासून माझ्यावर एकदाही ओरडलेली नाही. मी देवाला नारळ दिला.


परळ, मुंबई,
ता. २९ ऑक्टोबर १९६१

ती. भावोजींस साष्टांग नमस्कार.

सगुणेचं वाचून मी दवाखान्यातल्या तीन बाटल्यांवर उलट्या चिठ्ठ्या लावल्या. डॉक्टरसाहेबांनी वेळेवर पाहिल्या म्हणून परळ वाचलं.

आता आमच्या बायचं दुखणं. हे काहीच अवघड नाही. सारखी थंडी वाजते म्हणजे रक्त कमी. रक्त कमी असलं की ऊब हातापायांपर्यंत पोचत नाही. आपल्याकडच्या बायका घरातल्या सगळ्यांना वाढून शेवटी कालवणातलं पाणी खातात, मग रक्त येणार कुठून? तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहा. लाल असला तर ठीक, पांढुरका असला तर रक्त गेलं. सोबत लोहाचं मिक्श्चर धाडतो आहे. दोन वेळा, जेवल्यावर. मटणाची कलेजी आणि माठाची भाजी तिच्या ताटात आधी वाढा, तुमच्या ताटात मागून.

धवले बायनेच गायचे. तिच्या गाण्याशिवाय मी अंगाला हळद लावून घेणार नाही, हे तळवलीलाही कळवून टाका.

आपला,
जयदेव


सारसोळे,
ता. १९ नोव्हेंबर १९६१

चि. जयदेव,

पापणी ओढली. रंग पांढुरका म्हण, गुलाबी म्हण, मला ठरवता येईना. म्हणून शेजारच्या गोजराची पापणी ओढून ताडून पाहिली. गोजराच्या नवऱ्याने ते पाहिलं. आता तो माझ्याशी बोलत नाही.

मिक्श्चर बायजाने इमानाने संपवलं. जीभ काळी झाली, पोट घट्ट झालं, थंडी जागच्या जागी. कलेजी तिच्या ताटात आधी वाढली, तिने अर्धी खाल्ली आणि अर्धी माझ्याकडे सारली. भूकच नाही म्हणते. आता तुझा जुना स्वेटर ती घोंगडीच्या आत घालते. दर्यावरून येणारे लोक आमच्या अंगणात थांबून बघतात.

पाऊण डॉक्टर, दुसरं काही सुचव.

चांगदेव

ता. क. भूक नसूनही अंगाने मात्र चांगली भरली आहे. काकणं हातातून निघत नाहीत, चेहरा गोल झाला. आळीत सगळे म्हणतात, चांगदेव बायकोला सुखात ठेवतो. आम्ही लग्नाच्या वेळी सुकट बोंबील म्हणायचो तिला. आता म्हणून दाखवा.


परळ,
ता. २६ नोव्हेंबर १९६१

ती. भावोजींस नमस्कार.

मी रागावलेलो नाही, पण गोजराची पापणी ओढायला मी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरसाहेबांचं जाड पुस्तक ते जेवायला गेल्यावर मी वाचलं. खालील गोष्टी तपासा. थंडी वाजून ताप भरतो आणि घाम येऊन उतरतो का? तसं असेल तर हिवताप. ती अनवाणी चिखलात जाते का? पायातून जंत शिरतात आणि आतून रक्त पितात. तहान फार लागते का, लघवीला मुंग्या लागतात का? मग मधुमेह. हातापायांची बोटं थंडीत आधी पांढरी, मग निळी पडतात का? मग तिथल्या नसा आवळतात. काही माणसांना अंगावर मांस नाही म्हणूनही थंडी वाजते, पण तो मुद्दा तुमच्या ता. क. ने निकालात काढला.

पुस्तक इथपर्यंत आल्यावर डॉक्टरसाहेब हात धुऊन आले. पुढचं पान मला दिसलं नाही.

जयदेव


सारसोळे,
ता. २६ डिसेंबर १९६१

चि. जयदेव,

तुझ्या यादीप्रमाणे सगळं केलं. हिवताप नाही, ताप येतच नाही. चिखलात आम्ही सगळेच अनवाणी जातो, तरी जंताचं औषध बेलापूरहून आणून तिला दिलं. उगाच शंका नको म्हणून मीही घेतलं. ते दोन दिवस मी होडीवर गेलो नाही, यापेक्षा जास्त लिहीत नाही. मुंग्यांची परीक्षा पाहायला तुझी बहीण तयार होईना. आधीची बायजा असती तर मला तिथेच आडवा केला असता. ही नुसती "नको वं" म्हणाली. बोटं निळी पडत नाहीत.

आता खरी गोष्ट लिहितो, आणि ही लिहिताना मला बरं वाटत नाही. परवा गोजराच्या मुलीची हळद होती. बायजाने पहिला धवला धरला. आवाज निघाला तो घोगरा, खोल, एखाद्या बाप्याचा असावा तसा. दुसऱ्या ओळीला तिने गाणं सोडलं. मांडवाच्या खांबाला टेकली आणि तिथेच डोळे मिटले. तळवलीची धोंडूबाई पाहुणी म्हणून आली होती, तिने पुढचं गायलं. जाताना मला म्हणाली, "वैशाखान् नवऱ्याचे धवले मीच गाईन, काय काळजी करू नको." तिची आणि बायजाची वीस वर्षांची खुन्नस. बायजाने ते ऐकलं आणि धोंडूबाईला पान दिलं. पान दिलं, जयदेव.

वैशाखाला चार महिने उरले.

चांगदेव

ता. क. वाईटात चांगलं एवढंच की बेलापूरच्या बाजारात तिची टोपली आता सगळ्यांच्या आधी रिकामी होते. गिऱ्हाईक म्हणेल त्या भावाला मासळी देते. बोलायचा कंटाळा येतो म्हणते. दिवसाही पेंगते. केस गळतात, भुवयांची टोकं गेली. पण स्वभाव इतका गोड झाला आहे की गोजरा तिला साध्वी म्हणते.


परळ,
ता. २ जानेवारी १९६२

ती. भावोजींस साष्टांग नमस्कार.

हे पत्र मिळताच बायला घेऊन निघा. जाळी कोणाच्या तरी हवाली करा.

झालं असं. काल दवाखान्यात गर्दी नव्हती. गोजराच्या पापणीची गंमत डॉक्टरसाहेबांना सांगावी म्हणून मी तुमची पत्रं काढली आणि वाचून दाखवू लागलो. ते हसत होते, मी रंगात आलो होतो. मग पहिली ता. क. आली. त्यांचं हसू कमी झालं. दुसरी आली तेव्हा त्यांनी चष्मा लावला. तिसरी मी संपवायच्या आत त्यांनी तिन्ही कागद माझ्या हातातून घेतले.

म्हणाले, "जयदेव, तुझे भावोजी हुशार आहेत. वरती दुखणं लिहितात आणि खाली निदान. भूक नसताना अंग फुगलं, आवाज बसला, भुवया गेल्या, पेंग येते, राग गेला. हे सुख नव्हे, याला नाव आहे." आणि नाव सांगायच्या आधी मला जाड पुस्तकातलं तेच पान उघडून दाखवलं, जे मला वाचता आलं नव्हतं.

घाबरू नका. पण ज्या गोष्टीसाठी तुम्ही नारळ दिला, तोच रोग आहे.

जयदेव


परळ,
ता. २९ जानेवारी १९६२

ती. भावोजींस नमस्कार.

तुम्ही तिला सोडून जाळ्यांकडे पळालात, म्हणून जे चुकवलंत ते लिहितो. हे पत्र आणि औषधाची बाटली बाय स्वतःच आणते आहे.

डॉक्टरसाहेबांनी तिला खुर्चीवर गुडघे टेकून उभं केलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर लहान हातोडी मारली. तुमचं-माझं पाऊल झटकन हलतं आणि झटकन जागेवर येतं. बायचं हललं, आणि मग इतक्या निवांतपणे परत आलं की डॉक्टरसाहेब मला म्हणाले, बघून घे, असं पुन्हा दिसायचं नाही. नाडी मिनिटाला बावन्न. मग मोठ्या इस्पितळात धाडलं. तिथे नाक चिमट्याने बंद करून तोंडाला नळी लावतात आणि अंगात ऊब किती तयार होते ते श्वासावरून मोजतात. त्यासाठी अगदी शांत पडून राहावं लागतं. लोकांना ते जमत नाही. बाय घोरायला लागली. नर्स म्हणाली, एवढी गुणी बाई इथे कधी आली नव्हती. मला हसू आलं आणि मग रडू आलं. आपली बाय गुणी कधी होती?

गळ्यात पुढच्या बाजूला एक ग्रंथी असते, थायरॉईड म्हणतात. चुलीत लाकडं सारायचं काम तिचं. बायची ती थकली आहे, म्हणून सगळंच विझत आलं आहे: ऊब, आवाज, भूक, भांडण. मेंढरासारख्या जनावरांची तीच ग्रंथी वाळवून या गोळ्या करतात. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "मंग मी लग्नान् बें बें करीन का?" सहा महिन्यांत तिने केलेली पहिली थट्टा आहे ही, म्हणून लिहून ठेवतो.

रोज सकाळी एक गोळी, रिकाम्या पोटी. बाटलीत तीस आहेत. बहुतेक जन्मभर घ्याव्या लागतील. ऊब काही आठवड्यांत येईल. आवाजाचं डॉक्टरसाहेब छातीठोक सांगत नाहीत. वैशाखापर्यंत आला तर आला म्हणाले.

जयदेव


सारसोळे,
ता. ६ फेब्रुवारी १९६२

चि. जयदेव,

बायजा सुखरूप पोचली. गोळ्या फार गुणकारी आहेत, साऱ्या आळीला बरं वाटलं. आणखी धाड. बाटली संपली.

चांगदेव


परळ,
ता. ९ फेब्रुवारी १९६२

भावोजी,

तीस गोळ्या सात दिवसांत कशा संपल्या? साऱ्या आळीला म्हणजे काय?

जयदेव


सारसोळे,
ता. १३ फेब्रुवारी १९६२

चि. जयदेव,

तू मुंबईला गेलास म्हणून गावची रीत विसरलास की काय? मुंबईहून घरात काही आलं की आधी वानवळा. दारोदार थोडं थोडं दिल्याशिवाय आपण तोंडात घालायचं नाही. बायजा होडीतून उतरली तेव्हा धक्क्यावर बाया उभ्याच होत्या. "काय आणलंस गो?" तिच्याकडे तुझं पत्र होतं आणि बाटली होती. पत्र वाटता येत नाही.

तर प्रत्येक घरी एकेक गोळी गेली. गोजराकडे दोन, पापणीची भरपाई. गोजराने एक कोंबडीला घातली. मी एक घेतली. सगळ्यांना गुण आला. पुतळाच्या सासूची कंबर सैल झाली, नामदेवला दुपारभर गरम झालं. आता तू म्हणशील ऊन वाढतंय, पण त्याची खात्री आहे की गोळीनेच. माझं काळीज जरा धडधडलं.

बायजाच्या वाट्याला तीन आल्या.

चांगदेव


परळ,
ता. १७ फेब्रुवारी १९६२

भावोजी,

ज्यांची ग्रंथी शाबूत आहे त्यांनी ही गोळी घेतली तर काळीज धडधडणारच, आणि सवयीने घेतली तर जिवावर बेतेल. एकेका गोळीवर निभावलं ही तुमच्या कुलदैवताची कृपा. डॉक्टरसाहेबांना सांगितलं तेव्हा ते पाच मिनिटं टेबलावर डोकं टेकून बसले होते. हसत होते की रडत होते ते मी विचारलं नाही.

नवी बाटली धाडतो. सोबत चिक्कीचे दोन डबे धाडतो, त्यांचा वानवळा करा. बाटली तांदळाच्या कणगीत लपवा. रोज सकाळी गोळी तुम्ही स्वतः बायच्या हातावर ठेवा आणि ती गिळेपर्यंत समोरून हलू नका. पंधरा दिवस वाया गेले. वैशाख आपल्यासाठी थांबणार नाही.

गोटीराम विचारतो, धोंडूबाईला सुपारी देऊ का. मी थांबा म्हणालो. खरं सांगतो, भावोजी, मला भीती वाटते. आईचा चेहरा मला नीट आठवत नाही, तिचा आवाज फक्त बायच्या गाण्यात राहिला आहे. तोही गेला तर माझ्याकडे काय उरलं?

जयदेव


सारसोळे,
ता. ८ एप्रिल १९६२

चि. जयदेव,

रोज सकाळी गोळी हातावर ठेवतो. पहिले तीन आठवडे काही नाही. मग एक दिवस तिने तुझा स्वेटर काढून दोरीवर टाकला. मग कलेजीचं पूर्ण ताट खाल्लं आणि माझ्या ताटाकडे पाहिलं. काकणं सैल झाली. चेहऱ्यावर हाडं दिसू लागली, आणि ती पाहून मला आनंद झाला, हे कुणाला सांगू नकोस.

तुला एक कबुली द्यायची आहे. त्या शांततेत मी सुखी होतो असं तुला लिहीत राहिलो. पहिला महिना होतो. नंतर घरी यायला नको वाटायचं. मी जाळं भिजवून दारात टाकायचो, ती काही बोलायची नाही. मी मुद्दाम उशीर करायचो, ती काही विचारायची नाही. एकदा भाकरीचं भांडं मुद्दाम पाडलं. तिने उचलून ठेवलं. घरात बायको होती आणि मी एकटा होतो. हे ता. क. मध्ये लिहिण्याची हिंमत मला झाली नाही.

परवा मी बोंबील वाळत घालायच्या वलांडीवर माझा ओला सदरा टाकला. घरातून आवाज आला, "कोन तो मेला? बोंबलावं सदरा कोनी टाकला? डोले फुटले का तुजे?" घोगरा होता, पण होता. मी सदरा काढला नाही. उभा राहून ऐकत राहिलो. ती आणखी ओरडली. गोजरा बाहेर आली, तिचा नवरा आला, दोन वर्षांनी ऐकायला मिळाल्यासारखे सगळे हसत होते. गोजराच्या नवऱ्याने मला विडी दिली.

आता धवल्यांचं. ती गाऊन बघत नाही. मी विषय काढला की उठून जाते. धोंडूबाईला काय सांगायचं ते तूच ठरव.

चांगदेव


परळ,
ता. १४ एप्रिल १९६२

ती. भावोजींस नमस्कार.

पत्र मी दवाखान्यात मोठ्याने वाचलं. डॉक्टरसाहेबांनी "डोले फुटले का" तिथे पुन्हा वाचायला लावलं आणि म्हणाले, नाडी मोजायची गरज नाही, गोळी आहे तीच चालू ठेवा.

धोंडूबाईला सुपारी नको. बायचा आवाज घोगरा आला तर घोगऱ्या आवाजात माझं लग्न लागेल. नाहीच आला तर ती समोर बसेल आणि मी मुकाट्याने हळद लावून घेईन. तिला एवढंच सांगा.

जयदेव


सारसोळे,
ता. ३० मे १९६२

जयदेव,

हे पत्र बाय सांगत आहेत आणि मी, सगुणा, लिहिते आहे. त्या म्हणाल्या, मी बोलीन तसंच्या तसं लिव, एक अक्षर गाळशील तर बघ. म्हणून तसंच लिहिते.

"मेल्या जयदेवा, लगीन झालं, पाच दिवसान् कामावं पललास. बायको इकरंच ठेवलीस. ती चौथी शिकलीय ते बरं झालं. माज्या पेटीन् तुजी समदी पत्रां होती, नि तुजे भावोजींची पत्रां तू लग्नाला येताना पिशवीन् आनलीस ती इथंच इसरलास. काल सगुणीनं मना समदी वाचून दावली. समदी. खालचीपन.

मी आजारी नि ह्यो नारल देतो? मी पेंगते नि गोजरा मना साध्वी बोलते? माजी गोली गोजरानं कोंबडीला घातली? आता आयक. तुजा भावोजी सकालपासून पडवीन् बसलाय. मी त्याच्याशी बोलत नाय. घोंगडी त्याच्या अंगावं टाकलीय. बोलले, घे, आता तुना हिव भरू दे. तो हसतोय. पडवीन् बसून हसतोय मेला.

नि त्या डाक्तराला सांग, हातोडी मारलीस तवा मी कायबी बोलले नाय, पुढच्या टायमाला हात धरून ठेवीन. त्याच्यासाठी सुकी कोलंबी धाडते. वानवला म्हनून साऱ्या दवाखान्यान् वाट.

तुज्या हलदीला धवल्यान् दुसऱ्या ओलीला मी अडखलले ते आवाजानं नाय. मांडवान् धूर होता. कोनी इचारलं तर तसंच सांग. धोंडूबायला तर नक्की सांग.

गोली रोज घेते.

तुजी बाय"

ता. क. हे मी माझं लिहिते आहे. बाय पाण्याला गेल्या आहेत, तेवढ्यात.

मांडवात धूर नव्हता. मी तुमच्या शेजारीच बसले होते आणि डोळे खाली असले तरी मला सगळं दिसत होतं. त्यांनी पहिली ओळ धरली तेव्हा सारसोळ्याच्या साऱ्या बायकांनी हातातलं काम थांबवलं. दुसऱ्या ओळीत तुमच्या आईचं नाव घ्यायचं होतं, तिथे त्या थांबल्या. तेव्हा माझ्या मागे बसलेल्या धोंडूबाईने ती ओळ हळूच उचलून दिली, आणि बायनी तिच्याकडे असं बघितलं की धोंडूबाई जागच्या जागी गप्प झाली. मग बायनी ते नाव स्वतःच घेतलं, इतक्या मोठ्याने की धक्क्यावरच्या होडीतली माणसं उभी राहिली. तुम्ही त्या वेळी हळदीच्या ताटात बघून रडत होता. म्हणून तुम्हाला हे दिसलं नसेल असं वाटलं.

बाय मला जास्त काम करू देत नाहीत. सकाळी गोळी घेतात आणि मग दिवसभर भांडतात. मला इथे मुळीच थंडी वाजत नाही. परळला तुम्हाला वाजत असेल तर पुस्तक उघडू नका. मला न्यायला या.

सगुणा